हे मिक्श्चर हलवू नये!

दिवाळी अंकात चकलीच्या भाजणीचे प्रमाण छापून येते, अनारशाच्या पिठाचे येते, करंजीच्या सारणाचे येते. तांदूळ चार वाट्या, हरभऱ्याची डाळ दोन वाट्या, उडदाची डाळ एक वाटी, असे एकदा लिहून दिले की सुगरणीला पुढचे सांगावे लागत नाही. त्याच अंकात जिन आणि टॉनिक या पेयाचे प्रमाण छापलेले पाहून काही वाचक चष्मा काढून पुसतील, काही भगिनी पान उलटतील, आणि काही सद्‌गृहस्थ "यात काय वाचायचंय!" असे चारचौघांत मोठ्याने म्हणून अंक हळूच उशीखाली सारतील. तिघांनाही माझा नमस्कार. विशेषतः तिसऱ्या प्रकारच्या वाचकांसाठी हा लेख आहे.

मी बोलतो आहे तो दारूचा शौकीन म्हणून नव्हे, तर कंपाउंडर म्हणून. १९६३ साली मी गिरगावातल्या एका औषधांच्या दुकानात लागलो, पुढे रीतसर परीक्षा देऊन फार्मासिस्ट झालो, आणि चाळीस वर्षे गल्ल्याच्या मागे उभा राहून दोन गोष्टींची मिक्श्चरे केली. आजच्या मुलांना औषध म्हणजे चंदेरी पट्टीतली गोळी एवढेच ठाऊक. आमच्या वेळी डॉक्टरांची चिठ्ठी वाचून औषध बनवावे लागे. गिऱ्हाईक घरून धुतलेली बाटली घेऊन येई. आम्ही त्यात मिक्श्चर भरायचो आणि बाटलीच्या अंगाला कागदाची एक कातरलेली पट्टी चिकटवायचो. पट्टीच्या एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस. वर सूचना लिहायची: "बाटली हलवून घेणे." ती कागदाची पट्टी मला सगळ्या औषधांहून मोठी वाटे. औषध आणि विष यांच्यामध्ये पुष्कळदा तेवढी एक पट्टीच उभी असते.

जिन आणि टॉनिक हेही एक मिक्श्चरच. त्यातले टॉनिक तर सरळसरळ आमच्या फडताळातून पळालेले. म्हणून म्हटले, यावर लिहिण्याचा अधिकार कंपाउंडरला नसेल तर कोणाला?

कोयनेलची कहाणी

आमची आजी क्विनीनला 'कोयनेल' म्हणत असे. हिवताप आला की घरी आधी काडेचिराईताचा काढा, आणि त्याने भागले नाही की कोयनेल. दोन्हींत अधिक कडू कोणते यावर आम्हा भावंडांत वाद चाले. निकाल कधीच लागला नाही, कारण पंच व्हायला कोणी तयार नसे.

हे कोयनेल येते सिंकोना नावाच्या झाडाच्या सालीतून. झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या उतारांवरचे. सतराव्या शतकात जेझुइट पाद्र्यांनी ही साल युरोपात नेली. १८२० साली पॅरिसमध्ये पेलतिए आणि कावाँतू या दोघा औषधशास्त्रज्ञांनी सालीतून क्विनीन वेगळे काढले, आणि तेव्हापासून ताप किती आणि औषध किती याचे गणित मांडता येऊ लागले. १८६० नंतर इंग्रजांनी सिंकोनाची रोपे आपल्याकडे आणून नीलगिरीत आणि दार्जिलिंगजवळ मुंगपूला लावली. त्या शतकाच्या अखेरीस बंगालात क्विनीनच्या पुड्या टपालकचेरीत विकत मिळू लागल्या. हिवताप डासांमुळे पसरतो याचा पुरावा रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेस १८९७ साली मिळवला. म्हणजे रोग कसा पसरतो हे कळण्याच्या आधी पाऊणशे वर्षे त्याचे शुद्ध औषध हाताशी होते. वैद्यकात असे पुष्कळदा घडते.

आता लोक एक गोष्ट मोठ्या चवीने सांगतात. हिंदुस्थानातल्या गोऱ्या सोल्जरांना हिवतापासाठी रोज क्विनीन घ्यावे लागे. ते घशाखाली उतरेना. तेव्हा त्यांनी त्यात सोडा, साखर, लिंबू आणि जिन घातली, आणि अशा रीतीने औषधातून हे पेय जन्मले. गोष्ट नामी आहे. दारूतून क्विनीन देण्याची पद्धत त्या काळी होती, हेही खरे. पण बाटलीतल्या टॉनिकची जन्मकथा जरा निराळी आहे. क्विनीन घातलेल्या सोड्याचे पेटंट १८५८ साली लंडनमध्ये इरॅस्मस बाँड नावाच्या गृहस्थाने घेतले. १८७० नंतर श्वेप्स कंपनीने आपले टॉनिक बाजारात आणले आणि त्याला हिंदुस्थानचे नाव जोडले. आणि जिन व टॉनिक यांचा जोडीने झालेला एक अगदी जुना छापील उल्लेख सापडतो तो कोणत्या लष्करी इस्पितळाच्या वहीत नव्हे, तर १८६८ सालच्या 'ओरिएंटल स्पोर्टिंग मॅगझिन' या मासिकात, घोड्यांच्या शर्यतीच्या वर्णनात! शर्यत संपली, घसे कोरडे पडले, आणि साहेबलोकांनी सिगारांबरोबर जिन-टॉनिकची हाक दिली. तिथे ताप कोणाला नव्हता. असलाच तर हरलेल्या घोड्याच्या मालकाला.

तरीही शंका नको म्हणून हिशेब करून पाहू. हिवतापात मोठ्या माणसाला क्विनीन द्यायचे झाले तर ६०० मिलिग्रॅमचा डोस दिवसातून तीनदा, म्हणजे १,८०० मिलिग्रॅम, असा नेहमीचा क्रम. आणि तो सात दिवस. टॉनिकमध्ये क्विनीन किती? अमेरिकेत कायद्याने लिटरमागे जास्तीत जास्त ८३ मिलिग्रॅमची मुभा आहे. म्हणजे २०० मिलिलिटरच्या छोट्या बाटलीत साडेसोळाच्या आसपास. आता भागाकार करा. एका दिवसाच्या औषधासाठी बाटल्या लागतील १०८! जपमाळेचे मणी बरोबर तेवढेच. जो कोणी दिवसाला १०८ बाटल्या टॉनिक जिनसह पिईल, त्याला हिवतापाची काळजी करण्याचे कारण उरणार नाही. त्याची काळजी इतरांनी करावी लागेल.

म्हणून पहिली गोष्ट कंपाउंडरच्या नात्याने सांगून टाकतो. जिन आणि टॉनिक हे औषध नाही. ते तापावर नाही, पोटावर नाही, झोपेवर नाही, सर्दीवर तर नाहीच नाही. ते एक पेय आहे. घ्यायचे तर आवडते म्हणून घ्यावे, आणि तसे सांगून घ्यावे.

औषधाच्या नावाखाली

हे इतके निक्षून सांगण्याचे कारण आहे. आपल्या पांढरपेशा घरांत दारू उघड्या दारातून आत येत नाही. ती औषधाचे बोट धरून येते. यात आपला एकट्याचा दोष नाही, सरकारचेही तेच. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने दारू बंद झाली, पण प्रकृतीसाठी लागत असेल तर परवाना मिळे. तो कायदा पुढे सैल झाला, आता त्याचे नावही 'महाराष्ट्र दारूबंदी कायदा' असे झाले आहे, तरी परवाना अजून आहेच, आणि तो आजही द्यायचा तो आरोग्याच्या जपणुकीसाठी! म्हणजे या राज्यात कागदोपत्री आजही कोणी मौजेखातर पीत नाही. सारे प्रकृती सांभाळत असतात.

माझ्या उमेदवारीच्या दिवसांत दारूबंदी ऐन भरात होती. दुकानात सुंठेचे टिंचर असे. पोटदुखीवर पाण्यातून दहावीस थेंब घ्यायचे औषध. पण त्यात अल्कोहोल भरपूर. मालकांनी मला पहिल्याच दिवशी शिकवले, "बाळ, जो पोट धरून येईल त्याला टिंचर द्यायचं; जो इकडंतिकडं बघत येईल त्याला 'संपलं' म्हणून सांगायचं." त्या काळात गिरगावात पोटदुखीची किती मोठी साथ होती याची नोंद कोणत्याही आरोग्य अहवालात सापडणार नाही.

आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर एक काका राहत. सरकारी कचेरीत हेडक्लार्क, अक्षर मोत्यासारखे, रोज संध्याकाळी स्तोत्र म्हणण्याचा नेम. त्यांच्याकडे प्रकृतीचा परवाना होता. ते जिन घेत, कारण ती पाण्यासारखी दिसते, आणि चाळीत हा मोठाच गुण. लिंबू पिळायचे, वर सोडा नाहीतर पाणी. मला म्हणाले, "अरे, तुमच्या दुकानातला औंसाचा ग्लास एक आणून दे. डॉक्टरांनी एक औंस सांगितलाय." मी आणून दिला. काचेचा, वर निमुळता नव्हे तर रुंद होत जाणारा, अंगावर औंसाच्या रेघा कोरलेला.

वर्षभर ते त्या ग्लासातूनच मापून घेत. काकू आमच्या आईला सांगत, "औषध आहे हो ते, एक औंस. जेवणाआधी." दोन वर्षांनी काकूंच्या सांगण्यातला औंस गेला, नुसते औषध राहिले. मग 'जेवणाआधी' गेले. मग जेवणच गेले. डोळे पिवळे दिसू लागले तेव्हा कोणी काही बोलेना, कारण औषधाला नावे कोणी ठेवायची? दारू आहे म्हटले असते तर घरच्यांनी हात धरला असता, भावाने समजावले असते, शेजाऱ्यांनी चार शब्द सुनावले असते. औषधाचा हात कोणी धरीत नाही. यकृताच्या दुखण्याने काका गेले तेव्हा त्यांना पेन्शनीला सहा वर्षे होती.

तेरावे झाल्यावर काकूंनी तो औंसाचा ग्लास धुऊन, फडक्यात गुंडाळून माझ्याकडे परत पाठवला. निरोप एवढाच: "याचा उपयोग व्हायचा तो झाला नाही."

तो ग्लास माझ्यापाशी आहे. आज मी जी काही जिन घेतो, आणि महिन्यातून एखाद्‌दुसऱ्या शनिवारी घेतो, ती त्यानेच मापून. घरातही औषध म्हणत नाही. सुनेने विचारले, "बाबा, काय घेताय?" तर सांगतो, "जिन." नातवंडांना सांगतो, "मोठ्यांची दारू आहे, तुम्हांला नाही." जगबुडी झाली नाही.

प्रमाण आणि कृती

आता भाजणीचे प्रमाण सांगावे तसे सांगतो.

आपल्याकडच्या जिनच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के अल्कोहोल असे लिहिलेले असते. ३० मिलिलिटर, म्हणजे जुन्या भाषेत जवळजवळ एक औंस, घेतली की शुद्ध अल्कोहोल सुमारे १० ग्रॅम पोटात जाते. यात ९० मिलिलिटर टॉनिक घातले, म्हणजे एकास तीन, की पेय पावणेअकरा टक्क्यांच्या आसपास येते. एकास एक घातले तर तेच साडेएकवीस टक्के. दोन्ही पेले दिसायला सारखे, पाण्यासारखे निर्मळ. लिंबाने दोन्हींचा तिखटपणा झाकला जातो. म्हणून अंदाजाने ओतणाऱ्या यजमानाची मला फार भीती वाटते. "घ्या हो, थोडीशीच आहे!" हे वाक्य मापाचे नव्हे. इंग्लंडात तर कायदाच आहे की पबमध्ये जिनचे माप २५ किंवा ३५ मिलिलिटर, नाहीतर त्यांची पट. तिथला बारवाला डोळ्यांच्या अंदाजाने ओतीत नाही, मग आपण का ओतावी?

माझे प्रमाण: जिन एक भाग, टॉनिक तीन भाग. ज्यांना हलके हवे त्यांनी चार घालावेत. तीनच्या खाली जाऊ नये.

कृती अशी. टॉनिक आणि ग्लास दोन्ही आधी गार करून ठेवावेत. हा शौक नव्हे, रसायनशास्त्र आहे. टॉनिकमधला वायू गार पाण्यात अधिक टिकतो; २० अंश तपमानाच्या मानाने शून्य अंशाला जवळजवळ दुप्पट विरघळतो. कोमट टॉनिक बर्फावर ओतले की सगळा वायू फसफसून निघून जातो आणि ग्लासात उरते ते साखरेचे कडू पाणी. बर्फ मोठा आणि पुष्कळ असावा. लोकांना वाटते थोडा बर्फ घातला तर पेय पाणचट होणार नाही. उलट आहे! दोन खडे चटकन वितळतात; ग्लासभर बर्फ एकमेकांना गार ठेवतो आणि सावकाश वितळतो.

आधी बर्फ, मग मापलेली जिन, मग ग्लास जरा तिरका धरून कडेने टॉनिक. लांब दांड्याचा चमचा तळाशी नेऊन एकदाच हळू वर आणावा. संपले. आयुष्यभर मी बाटल्यांवर "हलवून घेणे" असे लिहिले. हे एकच मिक्श्चर असे की त्यावर "हलवू नये" लिहावे लागेल. हलवले की वायू गेला, आणि वायू गेला की त्यात राम उरत नाही.

लिंबू आपले कागदी. फोड पिळण्याआधी सालीचा एक पातळ काप ग्लासाच्या तोंडावर मुरडावा. सालीतले तेल बारीक तुषारांनी उडते आणि वास आधी नाकाला पोचतो. जिनचा स्वतःचा वास ज्युनिपरच्या फळांचा. आपल्या आयुर्वेदात त्याला हपुषा म्हणतात. हिमालयातही ते झुडूप आहे. गोव्यात २०१७ पासून नव्या पद्धतीची देशी जिन बनू लागली, त्यांतल्या एकीचे नावच 'हपुषा' आहे. वैद्यकातली वनस्पती जिनमध्ये गेली खरी. पण म्हणून जिन आसव-अरिष्टांच्या रांगेत जाऊन बसत नाही, हे वर सांगितलेच आहे.

चार गावच्या चार तऱ्हा

लंडनची तऱ्हा सगळ्यांत काटकसरीची. मापातली जिन, बर्फाचे दोन खडे, पिवळ्या लिंबाची एक चकती, आणि टॉनिकची बाटली शेजारी. ज्याने त्याने आपल्या मर्जीने ओतावे. बर्फाची कंजुषी मला पसंत नाही. पण बाटली शेजारी ठेवण्याची रीत मला आवडते. पाहुण्याचा पेला पाहुण्याच्या हातात राहतो.

दुसरी तऱ्हा कादंबरीतली. इयन फ्लेमिंगच्या १९५८ सालच्या 'डॉक्टर नो' मध्ये गुप्तहेर जेम्स बाँड जमैकात उतरल्यावर जिन-टॉनिक मागवतो आणि बरोबर एक अख्खे हिरवे लिंबू. लिंबाची दोन्ही अर्धुके पिळून सालींसकट ग्लासात टाकायची, ग्लास बर्फाने भरायचा, मग टॉनिक. सिनेमातल्या बाँडच्या हलवलेल्या पेयाचीच कीर्ती झाली. हे बिचारे न हलवलेले मागे पडले. साली आत राहिल्याने शेवटच्या घोटाला एक कडवट धार येते. करून पाहण्यासारखी आहे. मात्र बाँडसाहेबांची जिन दुप्पट असते. त्यांचा धंदा तसा. आपल्याला सकाळी बँकेत जायचे असते.

तिसरी स्पेनची. तिथे गोलघुमट, पोटाळ काचेचा मोठा ग्लास घेतात, आपल्या मत्स्यालयाच्या धाकट्या भावासारखा. तो काठोकाठ बर्फाने भरतात, ५० मिलिलिटर जिनवर टॉनिकची २०० मिलिलिटरची पुरी बाटली रिचवतात, आणि वर संत्र्याची साल, ज्युनिपरचे दोनचार दाणे, कुठे मिरे, कुठे वेलदोडा. एवढ्या थाटात प्रमाण मात्र एकास चारचे. थाट मोठा आणि दारू बेताची, ही तऱ्हा दिवाळीला शोभणारी आहे.

चौथी आपल्या शेजारची. माझा पुतण्या पर्वरीला असतो. गोव्यात उन्हाळ्यात काजूच्या बोंडांचा हुर्राक निघतो. तो लिंबू, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून गोड सोड्याबरोबर घेतात. पुतण्याने तीच युक्ती इथे लावली. जिन एक भाग, टॉनिक चार भाग, कोकमाचे आगळ एक लहान चमचा, आणि मधोमध चिरलेली, बिया काढलेली मिरची. म्हणाला, "काका, आधी घोट घ्या, मग नावं ठेवा." घेतला. आगळातले मीठ टॉनिकचा कडूपणा दाबते. यात नवल नाही. आपण कारल्याला मीठ चोळतो ते उगीच नव्हे. रंग गुलाबी येतो आणि मिरचीचा झणका मागाहून जिभेच्या टोकाला लागतो. वीस पिढ्या कोकणात काढल्यावर जिन हिने असेच केले असते.

पाचवीही एक तऱ्हा आहे, ती आमच्या मंडळींची. तीत जिन नाही. गार ग्लास, भरपूर बर्फ, टॉनिक, अर्धे लिंबू, आल्याच्या रसाचे चार थेंब आणि चिमूटभर मीठ. ती म्हणते, "तुमच्या ग्लासातली गंमत सारी माझ्या ग्लासात आहे, तुमच्या ग्लासात जास्तीचं आहे ते फक्त दुसऱ्या दिवशीचं डोकं." हिशेबाने पाहता तिचे खरे आहे. बर्फ, वायू, लिंबू, कडूपणा हे सारे टॉनिकच्या बाजूचे. गाडी चालवून घरी जाणाऱ्या पाहुण्याला हाच ग्लास द्यावा. तोच काच, तोच बर्फ, तीच साल. त्याला कोपऱ्यात बसवून काचेच्या बाटलीतला लाल सरबताचा पेला देऊ नये. पुष्कळ माणसे पितात ती दारूसाठी नव्हे, हातात सगळ्यांसारखा ग्लास असावा म्हणून.

कडूची गोडी

साखरेपुरती एक सूचना. टॉनिक चवीला कडू म्हणून ते मधुमेह्याला चालेल असा समज आहे. कित्येक टॉनिकांत १०० मिलिलिटरला ८-९ ग्रॅम साखर असते, म्हणजे छोट्या बाटलीत चहाचे चार चमचे. कडूपणाच्या पडद्याआड ती लपून बसते. लेबल वाचून बिनसाखरेचे किंवा कमी साखरेचे घ्यावे.

आणि मुलांसाठी एक मौज. खऱ्या-खोट्या नोटा पारखण्याचा जो जांभळा दिवा असतो, त्याच्याखाली अंधारात टॉनिकचा ग्लास धरा. ते निळेशार चमकू लागते! ही करामत क्विनीनची. १८४५ साली जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने क्विनीनच्या द्रावणातली ही निळी झाक वर्णन केली होती. आमच्या नातवंडांनी गेल्या वर्षी आकाशकंदिलापेक्षा या ग्लासाभोवती जास्त गर्दी केली. ग्लासात अर्थात नुसते टॉनिक होते.

मला विचाराल तर या पेयाचे सारे मर्म त्या कडूपणात आहे. जिन एकटी उग्र, साखर एकटी मिळमिळीत. कडू आले की जीभ जागी होते आणि घोट लहान होतो. आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान करून तुळशीपाशी कारीट पायाने फोडायचे आणि त्याचा कडू थेंब जिभेला लावायचा. फराळाचे ताट त्यानंतर. पाडव्याला आधी कडुनिंबाचे पान, मग श्रीखंड. कडू नेहमी थेंबभर, पण आधी. गोडाला माप राहावे म्हणूनच ही योजना असावी, असे मला आता वाटू लागले आहे.

शेवटी चिठ्ठीच्या तळाशी कंपाउंडर लिहितो तशा सूचना. गरोदर भगिनींनी जिन तर नाहीच, टॉनिकही टाळावे. हृदयाच्या ठोक्यांसाठी गोळ्या चालू असतील त्यांनी क्विनीनबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे. आपल्या राज्यात अशी दारू घ्यायला वयाची २५ वर्षे पुरी असावी लागतात आणि खिशात परवाना. आणि ज्या घरात एखादे माणूस एकदा या पायी पडून मोठ्या कष्टाने उठले आहे, त्या घरच्या बैठकीत बाटली बाहेरच काढू नये. पाचवी तऱ्हा सगळ्यांनी घ्यावी आणि गप्पा माराव्यात.

दिवाळीच्या पाडव्याला संध्याकाळी लेकी-जावई येतील, भाऊबीजेला भाऊ येतील. जावईबापू म्हणाले "एक पुरे", तर एकच. पंगतीत वाढताना आपण पाहुण्याचे ऐकत नाही; नको नको म्हणताना ताटावर आडवा धरलेला हात बाजूला सारून वाढतो, आणि ते प्रेम समजले जाते. ते तिथेच ठेवावे. वाचकहो, आग्रह करायचाच तर जिलबीचा करा, जिनचा करू नका.